दोन अंड्यांपासून एकतीस डब्यांपर्यंत : लेपर्ड गेकोची पिल्लं काढणं

निशाचर_प्लेनो

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून एकच प्रश्न विचारलाय म्हणून एकदाच इथे सविस्तर लिहून टाकते. प्रश्न असा, की तुझ्याकडे एवढे गेको आहेत, पिल्लं विकून वरखर्च तरी सुटत असेल ना? नाही सुटत. उलट खिशातून जातात. आणि पैशाचा भाग सोडला तरी बाकीचं जे आहे ते आधी कुणी सांगितलं असतं तर मी पहिल्या वर्षी वेगळं वागले असते, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. लेपर्ड गेको म्हणजे पालच, पण भिंतीवर चढणारी नाही. पायाला चिकटायची गादी नसते, डोळ्यांना पापण्या असतात, शेपटी जाड असते आणि तिच्यात चरबी साठवलेली असते. मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान, वायव्य भारत इकडची. इथे अमेरिकेत कुत्रा-मांजर नको म्हणणाऱ्या घरांत सर्रास असते. माझं आजोळ यावल तालुक्यातलं, तिकडे असली ठिपक्यांची पाल दिसली की विषारी म्हणून काठीने मारायचे. तिला विष वगैरे काही नसतं. लहानपणी मारलेली बघितलेली आणि पुढे टेक्सासमधल्या प्लेनोमध्ये मुलीच्या हट्टापायी २०१७ ला तसलीच घरात आली, तेव्हा आईला फोनवर सांगायला मला दोन महिने लागले.

२०१९ मध्ये नर आणला. इथपर्यंत सगळे येतात आणि सगळ्यांना वाटतं हाच अवघड भाग असेल, पण हा सगळ्यात सोपा भाग आहे. नर शेपटीचं टोक थरथरवतो, मादीच्या मानेला धरतो, पाच-दहा मिनिटांत काम होतं आणि मादी ते बीज साठवून ठेवते, म्हणजे एकदा जोडी लावली की पुढे कित्येक महिने नर जवळ नसला तरी फलित अंडी येत राहतात. दर दोन ते चार आठवड्यांनी दोन अंडी, हंगामात चार-सहा वेळा, काही माद्या त्याहून जास्त. मादी किमान दीड वर्षाची आणि ५० ग्रॅमच्या वर असल्याशिवाय मी जोडी लावत नाही. दुकानातला माणूस नऊ महिन्यांची चालेल म्हणाला होता. चालते, पण मादीच्या हाडांतलं कॅल्शियम अंड्यांत जातं आणि ते मग तिच्या चालण्यात दिसतं.

अंडी मऊ असतात, कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवच नाही, चामड्यासारखं. ओल्या मॉसच्या (शेवाळाच्या) डब्यात ती खड्डा करून घालते आणि वर सगळं सारखं करून ठेवते, की बघणाऱ्याला कळूच नये. काढताना पेन्सिलने वरच्या बाजूला खूण करायची आणि ती बाजू शेवटपर्यंत वरच ठेवायची, कारण आत गर्भ एकदा चिकटला की अंडं फिरवल्यावर मरतो. खुडूक कोंबडी अंडी स्वतः फिरवत बसते, इथे नेमकं उलटं. आठवड्याने अंधारात खालून टॉर्च लावायचा. लाल बारीक शिरांचं कडं दिसलं तर आत कुणीतरी आहे. आजोबा अंडं कंदिलासमोर धरून बघायचे ते मला दर वेळी आठवतं.

नर की मादी हे उबवायच्या तापमानावर ठरतं. २६ अंशाला जवळजवळ सगळ्या माद्या, ३२.५ ला बरेचसे नर, आणि ३४-३५ ला पुन्हा माद्याच. हे सगळं तपासलेल्या प्रयोगशाळांमधली एक आमच्याच राज्यात, ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात डेव्हिड क्रूज यांची. त्यांच्या कामात असंही दिसलं की जास्त नर निघणाऱ्या तापमानाला निघालेल्या माद्या जास्त भांडकुदळ असतात. म्हणजे एक-दोन अंशांचा फरक झाला तरी घरात कोण येणार ते बदलतं. स्वस्तातल्या थर्मोस्टॅटवर विश्वास ठेवू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा, माझा पहिला थर्मोस्टॅट दोन अंश खोटं दाखवत होता आणि पहिल्या वर्षी माझ्याकडे नरच नर निघाले. नर एकमेकांबरोबर ठेवता येत नाहीत, मारामारी करून शेपट्या तुटतात. म्हणजे प्रत्येकाला वेगळी पेटी.

आणि आता मुद्दा. २०२२ ला मी तीन माद्या लावल्या. ऑगस्टमध्ये माझ्या वरच्या खोलीत ३१ डबे होते, ८ मोठे आणि २३ पिल्लं. एक पिल्लू रोज पाच-सहा रातकिडे खातं, म्हणजे हजार रातकिड्यांचा खोका आठवडाभर पुरायचा. त्या रातकिड्यांनाही खायला घालावं लागतं, गाजर, कोंडा, आणि देण्याआधी कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचे. पाणी बदलायचं, शी उचलायची, कात पायाच्या बोटांत अडकली असेल तर कोमट पाण्यात बोटं भिजवून कापसाच्या काडीने सोडवायची, नाहीतर बोट गळून पडतं. हे रोज, ३१ वेळा. ऑफिसातून आल्यावर दोन तास. त्या उन्हाळ्यात आम्ही कुठे गेलो नाही. भारतात आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा मी पाच आठवड्यांऐवजी दहा दिवसांत परत आले, कारण नवऱ्याला एवढं झेपत नव्हतं. हे मला आजही लागतं.

विक्री म्हणाल तर साध्या रंगाच्या पिल्लाला तीस-चाळीस डॉलरच्या वर कुणी देत नाही, कारण मोठ्या साखळी दुकानांत तेवढ्यालाच मिळतं. अर्लिंग्टनच्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या प्रदर्शनात टेबल घेतलं तर टेबलाचं भाडं जाऊन हातात काही राहत नाही. पार्सल करायचं तर टेक्सासच्या उन्हाळ्यात मेलेलं पिल्लू पोचण्याची भीती. त्या वर्षी १४ विकली, ४ ओळखीत दिली, ५ अजून माझ्याकडे आहेत. ही जनावरं पंधरा-वीस वर्षं जगतात. म्हणजे ती पाच माझी मुलगी कॉलेज संपवून नोकरीला लागेल तोवर इथेच.

आता मी वर्षाला एकच मादी लावते, आणि जेवढ्या पिल्लांना आधी घर ठरलंय तेवढीच अंडी उबवते.

कट्ट्यावरचा_पुणेकर

ताई, खूप मनापासून लिहिलंय. मला इथे एकाने जोडी देऊ केलीय, म्हणे वर्षात पैसे वसूल. कागदपत्र विचारली तर म्हणाला पालीला कसले कागद. घ्यावी का?

निशाचर_प्लेनो

@कट्ट्यावरचा_पुणेकर, नका घेऊ. कागद नाहीत म्हणणारा ती कुठून आणलीय तेही सांगणार नाही. भारतातल्या नियमांसाठी तुमच्या विभागाच्या वनखात्याच्या कार्यालयात जाऊन विचारा, विकणाऱ्याच्या तोंडच्या शब्दावर जाऊ नका. आणि वर्षात पैसे वसूल हे ज्या जोडीबद्दल म्हणतायत त्यातली मादी किती ग्रॅमची आहे ते विचारा, उत्तर आलं नाही तर समजून जा.

मेळघाटी

भारतातल्यांसाठी थोडं. आपल्या महाराष्ट्रातच या पालीच्या बहिणी आहेत. एक युब्लेफॅरिस फस्कस, पश्चिम भारतात खडकाळ माळरानावर, आणि दुसरी सातपुड्यातली, युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस, तिचं नामकरण तर अगदी अलीकडे २०१४ ला झालं. पहिल्या पावसानंतर रात्री रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली जातात. मी अमरावती-परतवाडा भागात रात्री फिरतो, एका पावसात चार चिरडलेल्या उचलल्यात. गावात विषारी समजूनही मारतात, ताईंनी लिहिलंय तसंच. कृपा करून परदेशातले व्हिडिओ बघून रानातली उचलायचा विचार कुणीही करू नका, वन्यजीव संरक्षण कायदा आहेच पण त्याहीपेक्षा ती बऱ्याचदा डब्यात खात नाही, झुरून मरते, आणि पोटात अंडी असलेली मादी उचलली तर त्या माळावरची पुढची पिढीच उचलली. ज्यांना खरोखर आवड आहे त्यांनी जून-जुलैत टॉर्च घेऊन आमच्याबरोबर यावं, लांबून बघावं.

ऱ्हाइनकाठी

निशाचर, तुझ्या पोस्टमध्ये एक गोष्ट राहिली ती मी लिहितो, कारण मला तिने सगळंच बंद करायला लावलं. क्रिप्टो. पूर्ण नाव क्रिप्टोस्पोरिडियम, आतड्यातला सूक्ष्म परजीवी.

मी जर्मनीत डॉर्टमुंडजवळ राहतो, हॅमचं टेरारिस्टिका हे सरपटणाऱ्या प्राण्यांचं प्रदर्शन माझ्यापासून अर्ध्या तासावर. युरोपभरचे लोक येतात, एका छताखाली हजारो जनावरं. तिथून एक सुंदर मादी घेतली, आणि नियम माहीत असून, तीन महिने वेगळं ठेवायचं हे अगदी नीट माहीत असून, माझ्याकडे दुसरी खोली नव्हती म्हणून तीन आठवड्यांत तिला बाकीच्यांच्या रॅकमध्ये ठेवलं. चिमटा एकच, पाण्याच्या वाट्या एकाच बादलीत धुतलेल्या. दोन महिन्यांनी पहिल्या मादीची शेपटी बारीक व्हायला लागली. खात होती तरी बारीक. नंतर शेपटी पेन्सिलीएवढी झाली, पाठीचा कणा वर आला, डोळे आत गेले. विष्ठा प्रयोगशाळेत पाठवली, क्रिप्टो. यावर खात्रीचं औषध नाही, नेहमीच्या ब्लीचने तो मरतही नाही. डॉक्टरीणबाईंनी शांतपणे समजावून सांगितलं की बाकीच्यांची तपासणी करा आणि जी बाधित आहेत त्यांना कायमचं झोपवा. सात गेको होते माझ्याकडे. पाच गेले. शेवटच्या दिवशी एकेकाला कापडी पिशवीत घालून नेलं, पिशवीतून हाताला त्यांची ऊब लागत होती.

वाईट याचं वाटतं की त्या वर्षी मी सहा पिल्लं लोकांना दिली होती. प्रत्येकाला फोन करून सांगितलं. एका मुलीच्या वडिलांनी फोन ठेवून दिला, बरोबरच होतं त्यांचं. पिल्लं काढणाऱ्याच्या घरात आजार शिरला तर तो त्याच्या घरात थांबत नाही.

निशाचर_प्लेनो

@ऱ्हाइनकाठी, तू हे लिहिलंस त्याबद्दल खूप आभार. फोन करून सांगणारे फार थोडे असतात. मी नवीन जनावर आता धाकट्या बाथरूममध्ये ठेवते, ९० दिवस, त्याचा चिमटा वेगळा, वाटी वेगळी, आणि त्याचं काम सगळ्यात शेवटी, मग हात धुऊन सरळ झोपायला. दोनदा विष्ठा तपासणी झाल्याशिवाय वर नेत नाही.

रंगपेटी

मॉर्फ म्हणजे रंगांच्या जातींबद्दल कुणीच बोललं नाही अजून, आणि नवीन लोकांचा सगळा ओढा तिकडेच असतो, साध्याला तीस आणि रंगीताला तीनशे मिळतात असं वाचून येतात. मी सात वर्षं यात आहे, टोरांटोजवळ.

आधी साधं गणित. अल्बिनो तीन वेगवेगळे आहेत, ट्रेम्पर, रेनवॉटर आणि बेल. दिसायला जवळजवळ सारखे, पण जनुकं वेगळी. ट्रेम्पर आणि बेल जोडले तर पिल्लं अल्बिनो निघतच नाहीत, साधी दिसतात आणि दोन्ही गुण आत लपलेले असतात. ती साधी म्हणून विकली गेली की पुढच्या माणसाच्या पिढ्या गोंधळतात. दुकानातून घेतलेल्या, आईबाप माहीत नसलेल्या अल्बिनोपासून पिल्लं काढू नयेत ते याचसाठी.

पण माझा खरा राग वेगळा आहे. एनिग्मा नावाची जात आहे, ठिपक्यांची फार देखणी. तिच्यात तोल जाण्याचा दोष त्याच जनुकाबरोबर येतो. गेको गोल गोल फिरत राहतो, मान वाकडी करून वर बघत बसतो, रातकिडा समोर असून झडप चुकते. मी एक पाळलाय, पिल्लं न काढता. त्याला रोज चिमट्याने तोंडाशी धरून भरवते, पहिल्या तीन झडपा हवेत जातात. आणि लेमन फ्रॉस्ट. २०१५-१६ च्या सुमाराला लोक त्याच्यामागे वेडे होते, हजारो डॉलर मोजत होते. मग अंगावर पांढऱ्या गाठी यायला लागल्या. २०२१ मध्ये लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याचा माग स्पिंट१ या जनुकापर्यंत काढला, ज्या जनुकाने तो रंग येतो त्यानेच रंगपेशींचा कॅन्सर होतो, आणि ऐंशी टक्क्यांहून जास्त जनावरांना तो होतो. रंग ठेवून आजार काढता येत नाही. तरी आजही कुणीतरी 'माझ्या वंशात गाठी नाहीत' म्हणत विकत असतं. गाठी यायला कधीकधी काही वर्षं लागतात, तोवर पिल्लं विकून झालेली असतात. हे मला बघवत नाही.

कट्ट्यावरचा_पुणेकर

बापरे. आणि जी पिल्लं अधू निघतात त्यांचं काय करता तुम्ही लोक? हे कुणी उघड लिहीत नाही म्हणून विचारतोय, राग मानू नका.

निशाचर_प्लेनो

राग कसला, हाच विचारायचा प्रश्न आहे.

आजवर माझ्याकडे साधारण साठ पिल्लं निघाली. त्यातली तीन धड नव्हती. एकाचे डोळे उघडलेच नाहीत, एकाचा जबडा तिरका, आणि एक अंड्यातून अर्धं बाहेर येऊन थांबलं. ते तिसरं सांगते. अंडं फुटायच्या आदल्या दिवशी कवचावर घामासारखे थेंब येतात आणि ते थोडं बसतं. मग नाकाच्या टोकावरच्या बारीक दाताने चीर पडते, डोकं बाहेर येतं आणि पिल्लू तसंच तासन् तास पडून राहतं, आतला बलक अंगात ओढून घेत. तेव्हा हात लावायचा नसतो. मला माहीत होतं तरी अठरा तासांनी मी धीर सोडला आणि ओल्या ब्रशने कवच बाजूला केलं. बलकाची पिशवी बाहेरच होती, वाटाण्याएवढी. ते माझ्या घाईने गेलं की तसंही जाणार होतं ते डॉक्टरांना विचारलं, त्या म्हणाल्या तसंही. मी त्या दिवशी ऑफिसला गेले नाही.

तिरक्या जबड्याचं पिल्लू वाढलं, मुलीच्या मैत्रिणीकडे आहे, तिला सगळं सांगून दिलं, पैसे घेतले नाहीत. डोळे न उघडलेल्याला डॉक्टरांकडून झोपवलं, तेव्हा ते अडीच ग्रॅमचं होतं आणि बिल ६५ डॉलर आलं. घरच्या घरी फ्रीजरमध्ये ठेवा असं लिहिलेलं सापडेल, जिवंत जनावराला तसं करू नका, त्यात यातना असतात. नुकत्याच घातलेल्या अंड्याची गोष्ट वेगळी.

आणि मादीचा जीव जातो हेही लिहून ठेवते. माझी सगळ्यात पहिली, मुलीची, जिच्यामुळे हे सगळं सुरू झालं, तिचं २०२३ ला अंडं अडकलं. दोन दिवस खड्डा उकरत होती, अंडं येईना. ऑपरेशनला ९०० डॉलर लागले, वाचली, पुन्हा कधी लावली नाही. पण शुक्रवारी रात्री सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर मिळणं हे पैशांपेक्षा अवघड होतं, चार ठिकाणी 'आम्ही फक्त कुत्री-मांजरं बघतो' ऐकलं.

मेळघाटी

२०२१ च्या थंडीत तुमच्याकडे वीज गेली होती ना, तेव्हा काय केलंत?

निशाचर_प्लेनो

१५ फेब्रुवारीच्या पहाटे गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर उणे १९, घरात ८ अंश. इन्क्युबेटरमध्ये सहा अंडी होती. गॅसची शेगडी काडीने पेटत होती तेवढं नशीब, पाणी गरम करून बाटल्या भरायच्या, टॉवेलात गुंडाळून थर्माकोलच्या पेटीत अंड्यांच्या डब्याच्या दोन बाजूंना ठेवायच्या, दर दीड तासाने बदलायच्या. पेटी हलवताना पेन्सिलची खूण वरच राहील असं बघत. मोठ्या गेकोंना लोकरी मोज्यांत घालून आम्ही दोघं जाकिटाच्या आत ठेवून बसलो होतो. मुलगी वही घेऊन थर्मामीटर लिहीत होती, २४, २३, २६, २२. सहातली चार निघाली.

लेस्टरची_आई

सगळं वाचून हातपाय गळालेत पण विचारते. मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला गेल्या वर्षी दोन गेको आणले. दुकानदार दोन्ही माद्या म्हणाला, एकत्र राहतील म्हणाला. काल रात्री मुलगा ओरडत आला, ओल्या डब्यात दोन अंडी. नर नसताना अंडी येतात का? मुलाने तर नावंही ठेवली. काय करू, लवकर सांगा.

निशाचर_प्लेनो

अगं आधी घाबरू नकोस. नर नसतानाही अंडी येतात, ती फलित नसतात. पण आधी दुसऱ्याला पारदर्शक डब्यात ठेवून खालून बघ. मागच्या पायांच्या मध्ये मेणाच्या ठिपक्यांची उलट्या व्ही सारखी ओळ आहे का, आणि शेपटीच्या बुडाशी दोन फुगवटे? अंडी पांढरी टणटणीत आहेत की पिवळी पिचकी?

लेस्टरची_आई

ठिपके आहेत. फुगवटे पण आहेत. अंडी पांढरी, घट्ट. म्हणजे नर आहे ना तो?

निशाचर_प्लेनो

हो, नर आहे. मादीचं वजन किती? आणि आज रात्रीच नराला वेगळ्या पेटीत हलव.

लेस्टरची_आई

स्वयंपाकघरातल्या काट्यावर ३८ ग्रॅम. वेगळा केला, आत्ता प्लॅस्टिकच्या खोक्यात आहे, उद्या पेटी आणते.

निशाचर_प्लेनो

३८ कमी आहेत गं, तिला अजून अंडी घालायलाच नको होती, पण आता ती थांबवता येणार नाहीत. स्पष्ट सांगते. दोन पिल्लं आली तर दोन पेट्या, रोज किडे, आणि नर-मादी निघाली तर वर्षाने हेच परत. ते तू करणार असशील तर कसं उबवायचं ते मी रात्रभर बसून सांगते. नसशील तर अंडी आजच, अजून आत फारसं काही वाढलेलं नाही तोवर, फ्रीजरमध्ये ठेव. मुलाला खरं सांग, मुलांना कळतं.

ऱ्हाइनकाठी

+१. आणि मादीला कॅल्शियम आणि जीवनसत्त्व डी३, रोज खायला, हव्या तेवढ्या डुबिया (झुरळांची एक जात) किंवा मीलवर्म (भुंगेऱ्याच्या अळ्या). मॉसचा डबा ओला ठेवा.

लेस्टरची_आई

ठेवली फ्रीजरमध्ये. मुलाला सांगितलं, रडला, मग म्हणाला तिचं वजन मी रोज लिहून ठेवतो. वहीला रेघा मारून बसलाय. पुढची अंडी कधी येतील?

निशाचर_प्लेनो

दोन-तीन आठवड्यांत, नर नसला तरी. पोटाच्या खालून दोन पांढरट गोळे दिसायला लागतील, मग ती खाणं कमी करेल आणि उकरायला लागेल. त्या दिवसापासून मॉसचा डबा रात्री आणि सकाळी बघायला सांग त्याला. उकरणं सुरू होऊन दोन दिवस झाले आणि अंडी नाहीत, तर तिसऱ्या दिवसाची वाट बघू नकोस, डॉक्टरकडे ने; त्यासाठी आत्ताच सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरचा नंबर शोधून फ्रीजवर लावून ठेव. आणि त्याच्या वहीतले आकडे रविवारी इथे टाक.